इन्शुरन्स लायसन्स दहा राज्यांत, खबर एकालाच: एजंटांनो, या चुका टाळा

अमेरिकेत इन्शुरन्स एजंट म्हणून मला झालेला पहिला दंड अडीचशे डॉलरचा होता. घर बदललं होतं, तेही त्याच गावात, तीन मैलांवर. न्यू जर्सीला नवा पत्ता कळवला. जिथे नॉन-रेसिडेंट लायसन्स होती, म्हणजे तिथे न राहता विकायची परवानगी, त्या बाकीच्या राज्यांनाही कळवला, फक्त एक राहून गेलं. त्या राज्याचं पत्र जुन्या घराच्या नव्या मालकाने आणून दिलं तोवर उत्तराची मुदत उलटली होती. दंडाच्या आदेशावर निमूट सही केली, चेक पाठवला आणि विषय डोक्यातून काढून टाकला.

दीड वर्षाने दुसऱ्याच एका राज्याचं रिन्युअल भरत होते. रात्रीचे साडेअकरा, पोरांचे डबे भरून ठेवलेले, लॅपटॉप ओट्यावर. प्रश्न आला: तुमच्यावर अशी काही प्रशासकीय कारवाई झाली आहे का, जी या खात्याला आधी कळवलेली नाही? आधीच्या प्रश्नांना ‘नाही’ म्हटलं होतं, त्याच ओघात इथेही ‘नाही’. कार्ड नंबर टाकला, पावती आली, झोपायला गेले.

सहा आठवड्यांनी पत्र आलं, दोन आरोपांचं. एक, तीस दिवसांत कळवलं नाही. दोन, अर्जात खोटी माहिती दिली. पहिला आरोप आळसाचा, दुसरा थेट दानतीवर बोट ठेवणारा. तो वाचताना पोटात गोळा आला. आता ही नवी कारवाई उरलेल्या राज्यांना कळवणं आलं, आणि कळवल्यावर त्यांनी विचारलं, मग आधीची का लपवली? पाच राज्यं फिरून प्रकरण थांबलं तेव्हा अडीचशेचे दोन हजारांच्या वर गेले होते.

पुढे मी एका एजन्सीत कम्प्लायन्सचंच, म्हणजे नियम पाळले जातात ना हे बघण्याचं, काम बघायला लागले. एडिसन, डॅलस, बे एरिया, कुठून कुठून मराठी एजंटांचे फोन येतात. कुणी पूर्णवेळ या धंद्यात, कुणी नोकरी सांभाळून संध्याकाळी लाइफ इन्शुरन्स विकणारे. इतक्या फोनांत कुणाला फसवून अडकलेला माणूस मला क्वचितच भेटला. बाकी सगळे गप्प राहून अडकलेले, एका राज्याला सांगितलं म्हणजे सगळ्यांना कळलं असं धरून चालणारे.

खिडकी एक, साहेब पन्नास

हा समज कुठून येतो ते बघा. भारतात विम्याचं नियमन आयआरडीएआय ही एकच संस्था करते. कोल्हापूरला परीक्षा दिली म्हणून नागपूरच्या माणसाची पॉलिसी करता येत नाही, असं कुणी म्हणणार नाही. इथे उलटं आहे. १९४४ साली सुप्रीम कोर्टाने विमा हा आंतरराज्य व्यापार आहे, म्हणजे केंद्राच्या कक्षेत येतो, असा निकाल दिला. पुढच्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, मॅककॅरन-फर्ग्युसन कायदा करून विम्याचं नियमन राज्यांच्याच हाती ठेवलं. तेव्हापासून घर प्रत्येक राज्याचं वेगळं.

एनएआयसी ही राज्यांच्या विमा आयुक्तांची संघटना १८७१ पासून आहे. ती नमुना कायदे तयार करते, पण नमुना म्हणजे कायदा नव्हे. राज्याच्या विधिमंडळाने किंवा खात्याने तो स्वीकारायला लागतो, आणि स्वीकारताना जो तो आपलं मीठ-मसाला घालतो. १९९९ च्या ग्रॅम-लीच-ब्लायली कायद्याने दट्ट्या दिल्यावर राज्यांनी एकमेकांची लायसन्स मानायला सुरुवात केली. एनआयपीआरच्या वेबसाइटवर एक फॉर्म भरला की दहा राज्यांना अर्ज जातो. घोटाळा इथेच होतो. फॉर्म एक, एनपीएन हा एजंटाचा देशभरचा ओळख नंबर एक, म्हणून लायसन्सही एकच असल्यासारखं वाटतं. असतात दहा, आणि ती दहाही तुमच्या होम स्टेटच्या, म्हणजे राहत्या राज्याच्या, खुंटीला टांगलेली. खुंटी निघाली की सगळी खाली.

कळवायचं राहून गेलं, आता?

बहुतेक राज्यांत नियम असा: दुसऱ्या राज्याने किंवा दुसऱ्या सरकारी खात्याने तुमच्यावर कारवाई केली, तर अंतिम आदेशापासून तीस दिवसांत कळवायचं. फौजदारी प्रकरण असेल तर मुदत आणखी अवघड जागी सुरू होते, पहिल्या प्रीट्रायल, म्हणजे खटला उभा राहण्याआधीच्या, सुनावणीपासून. ‘निकाल लागू दे, मग बघू’ म्हणणारे इथेच फसतात. दिवाळी पार्टीहून परतताना डीयूआयमध्ये, म्हणजे पिऊन गाडी चालवताना, सापडलेले एक गृहस्थ वकिलाच्या भरवशावर आठ महिने थांबले. वकील ट्रॅफिकचा, त्याला इन्शुरन्स लायसन्सचं काय घेणंदेणं! खटला बऱ्यापैकी निभावला, नोटिसा मात्र चार राज्यांतून आल्या.

एनआयपीआरवर अटॅचमेंट्स वेअरहाउस नावाची सोय आहे. आदेशाची प्रत आणि तुमचं स्पष्टीकरण तिथे चढवलं की संबंधित राज्यांना सूचना जाते. पण पावती आली म्हणून निश्चिंत होऊ नका. एखाद्या राज्याला स्वतःच्या पोर्टलवर वेगळं कळवावं लागतं का, ते त्या राज्याच्या खात्याकडून तपासा आणि पावतीची पीडीएफ ठेवून द्या. प्रश्नातले शब्दही नीट वाचा. ‘या खात्याला आधी कळवलेली नाही’ यात ‘या’ वर जोर आहे. टेक्सासला कळवलेलं पेनसिल्व्हेनियाच्या खात्यात मोजलं जात नाही.

मुदत आधीच गेली असेल तर त्यांनी विचारण्याची वाट बघू नका. आपणहून कळवा. सोबत अर्ध्या पानाचं पत्र: काय झालं, कधी झालं, दंड भरला का, उशीर का झाला. त्यात आजारपणं, सासूबाईंचं ऑपरेशन, मुलाची ॲडमिशन घालू नका. मी माझ्या पहिल्या पत्रात हे सगळं घातलं होतं, चार पानं. तपासणाऱ्या बाई फोनवर शांतपणे म्हणाल्या, मॅडम, मला फक्त तारीख हवी आहे.

हडसन ओलांडली की नियम बदलतो

गेल्या काही वर्षांत जे बदललं त्यातले तीन बदल आपल्या लोकांना सगळ्यात जास्त भोवताना दिसतात.

पहिला ॲन्युइटीचा, म्हणजे पेन्शनसारखे ठरावीक पैसे देणाऱ्या विमा कराराचा. एनएआयसीने फेब्रुवारी २०२० मध्ये नमुना नियम बदलला. नुसतं ‘योग्य’ उत्पादन सुचवणं पुरेसं नाही, ग्राहकाच्या हिताला आपल्या कमिशनच्या वर ठेवायचं, आणि तसं ठेवल्याचं कागदावर दिसायला हवं. आयोवा आणि ॲरिझोनाने १ जानेवारी २०२१ पासून तो लागू केला, मग एकामागून एक राज्यं आली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून. त्यासाठीचं ट्रेनिंग वेगळं असतं. बऱ्याच राज्यांत ते एकदाच चार तासांचं. कॅलिफोर्नियात विक्रीआधी आठ तास आणि पुढे दर दोन वर्षांनी चार. होम स्टेटचे सीईचे, म्हणजे लायसन्स टिकवण्यासाठीच्या शिक्षणाचे, तास बाकीची राज्यं मानतात हे खरं, पण ही विशिष्ट उत्पादनांची ट्रेनिंग त्यात आपोआप येतात असं धरू नका. ट्रेनिंगची तारीख अर्जाच्या तारखेच्या आधीची असायला हवी. ग्राहकाची सही मंगळवारची आणि सर्टिफिकेट गुरुवारचं, अशी फाइल कॅरियर, म्हणजे विमा कंपनी, परत पाठवते, आणि पाठवली नाही तर ऑडिटमध्ये निघते.

हडसन नदीपलीकडच्या न्यूयॉर्कने तर आपली वाटच वेगळी काढली. तिथलं रेग्युलेशन १८७ हे ॲन्युइटीला १ ऑगस्ट २०१९ पासून आणि लाइफ इन्शुरन्सलाही १ फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. एजंटांच्या संघटना कोर्टात गेल्या, मधल्या कोर्टाने ते रद्दही केलं, पण ऑक्टोबर २०२२ मध्ये कोर्ट ऑफ अपील्सने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, पुन्हा उभं केलं. मधल्या दीड वर्षात ‘ते गेलं ना’ म्हणून फाइलमध्ये टिपणं न ठेवणारे मला माहीत आहेत. आणखी एक: या नियमाखाली पात्रता नसताना आपण आर्थिक नियोजन किंवा आर्थिक सल्ला देतोय असं भासवता येत नाही. मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत ‘फायनान्शियल ॲडव्हायझर’ म्हणून पानभर जाहिरात आणि हातात फक्त लाइफचं लायसन्स, हे पुरावा आपणहून छापून देण्यासारखं आहे.

दुसरा बदल सायबरचा, आणि इथे सगळ्यात जास्त लोक ‘हे माझ्यासाठी नाही’ म्हणून पुढे जातात. न्यूयॉर्कच्या डीएफएस या आर्थिक सेवा खात्याचं सायबर रेग्युलेशन, भाग ५००, मार्च २०१७ पासून आहे. नाव ऐकून बँकांसाठी वाटतं. पण त्या खात्याचं लायसन्स ज्याच्याकडे आहे तो यात येतो, घराच्या बेसमेंटमध्ये एका लॅपटॉपवर काम करणारा एजंटसुद्धा. लहान धंद्याला बऱ्याच कलमांतून सूट आहे. नोव्हेंबर २०२३ च्या दुरुस्तीनंतर वीसपेक्षा कमी माणसं, किंवा ठरावीक हिशेबाने ७५ लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न, किंवा दीड कोटी डॉलरपेक्षा कमी मालमत्ता असेल तर ही सूट मिळते. मात्र सूट आपोआप लागत नाही, पोर्टलवर नोटीस भरावी लागते. ती भरली तरी दरवर्षी १५ एप्रिलपर्यंत आपण नियम पाळतोय, किंवा कुठे पाळत नाही, हे लिहून द्यावंच लागतं. टॅक्सच्या तारखेवरच ही तारीख येते, त्यामुळे एक लक्षात राहते आणि दुसरी हमखास विसरते. लहानांनाही १ नोव्हेंबर २०२४ पासून मल्टी-फॅक्टर लॉगिन (पासवर्डखेरीज दुसरी खात्री मागणारं) आणि सायबर ट्रेनिंग सक्तीचं आहे. आणि मेल हॅक झाला तर ७२ तासांत खात्याला कळवायचं.

इथे नेहमी गोंधळ होतो तो ‘मी अमुक कंपनीचा एजंट आहे, ती बघते’ या वाक्याने. दुसऱ्या संस्थेच्या सायबर प्रोग्रॅममध्ये तुम्ही पूर्णपणे येत असाल तर वेगळी, मोठी सूट आहे, वार्षिक सर्टिफिकेटही लागत नाही. पण तुम्ही पाच कॅरियरचं काम करता आणि ग्राहकांचे एसएसएन, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर, स्वतःच्या मेलवर मागवता, तर त्यांतला एकही कॅरियर तुमच्या लॅपटॉपची जबाबदारी घेत नाही. न्यूयॉर्कचं लायसन्स नाही म्हणून हायसं वाटून घेऊ नका. एनएआयसीने २०१७ साली असाच नमुना कायदा केला आणि तो वीसहून अधिक राज्यांनी आपापल्या परीने घेतला आहे.

तिसरा बदल कॅलिफोर्नियाचा, छोटासा पण रोज नडणारा. १ जानेवारी २०२३ पासून लायसन्स लागणाऱ्या कामाच्या ईमेलमध्येही लायसन्स नंबर हवा, नावाच्या शेजारी किंवा खालच्या ओळीत. अक्षरं फोन-पत्त्याच्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. लॅपटॉपच्या सिग्नेचरमध्ये सगळे घालतात. फोनवरून पाठवलेल्या मेलखाली मात्र फक्त ‘सेंट फ्रॉम माय आयफोन’ असतं. आत्ता फोन हातात आहे तर सेटिंग बघून घ्या.

सीईबद्दल दोनच शब्द. न्यू जर्सीच्या रेसिडेंटला दोन वर्षांत २४ तास, त्यात ३ एथिक्सचे. न्यूयॉर्कच्या रेसिडेंटला १५, पण १ एप्रिल २०२२ पासून त्यात कायदा, एथिक्स, भेदभाव टाळणं असे ठरावीक विषय आले, आणि प्रॉपर्टीवाल्यांना पुराचाही तास. कोर्सच्या कंपनीकडून राज्याला नोंद जायला काही दिवस लागतात, म्हणून शेवटच्या रात्री संपवलेला कोर्स ‘संपवलेला’ दिसत नाही. तोच कोर्स एका टर्ममध्ये दोनदा केला तर साधारणपणे दुसऱ्यांदा गुण शून्य.

राज्य बदलताना क्रम चुकवू नका

‘नवऱ्याची बदली झाली, न्यू जर्सीहून टेक्सासला गेलो.’ आपल्याकडे हे नेहमीचंच. एका ओळखीच्या वहिनींनी शिस्तीत वागायचं म्हणून निघण्याआधी न्यू जर्सीचं रेसिडेंट लायसन्स स्वतःच रद्द करून टाकलं. टेक्सासचा अर्ज सामान लागल्यावर भरू म्हणाल्या. मधल्या काळात बाकीच्या सात राज्यांच्या नोंदीत त्यांना होम स्टेटच उरलं नाही. एकेक नॉन-रेसिडेंट लायसन्स निष्क्रिय होत गेलं, आणि दोन अर्ज, जे ग्राहकांनी भरून दिले होते, कॅरियरने परत पाठवले.

क्रम असा ठेवा. नव्या राज्यात खरोखर राहायला गेल्यापासून ९० दिवसांत तिथे रेसिडेंट म्हणून अर्ज करा. या मुदतीत गेलात आणि जुनं लायसन्स नीट असलं तर सहसा परीक्षा आणि प्रीलायसन्सिंगचे, म्हणजे लायसन्सआधीच्या शिक्षणाचे, तास माफ असतात. मुदत हुकली तर पुन्हा विद्यार्थी. नवं रेसिडेंट लायसन्स हातात आलं की जुन्या राज्याला रेसिडेंटचं नॉन-रेसिडेंट करायला सांगा, किंवा काम नसेल तर तेव्हा सोडा. मग बाकीच्या राज्यांत होम स्टेट आणि पत्ता बदला. त्यालाही तीस दिवसांचीच मुदत. नुसता पत्ता बदलणं म्हणजे होम स्टेट बदलणं नव्हे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या सीईची सर्टिफिकेटं मूव्हर्सच्या खोक्यात नको, मेलवर ठेवा.

लायसन्स चुकून लॅप्स झालंच, तर बहुतेक ठिकाणी बारा महिन्यांच्या आत परीक्षेशिवाय पुन्हा चालू करता येतं, जास्तीची फी भरून. पण मधल्या दिवसांत नवी विक्री केली तर त्या विक्रीचं कमिशन तुमचं नाही. आधी लायसन्स असताना केलेल्या विक्रीचं रिन्युअल कमिशन घेता येतं, ती काळजी नको.

चुलतभावाला झूमवर विकलं

लायसन्स तुम्ही कुठे बसलात त्यावर नाही, ग्राहक कुठे आहे त्यावर बघतात. चुलतभाऊ सिएटलला, तुम्ही एडिसनला, सही ऑनलाइन: वॉशिंग्टनचं लायसन्स लागणार. ‘घरचाच आहे’ ही सवलत कुठल्याही कायद्यात नाही. सही होण्याआधीच्या गप्पाही मोजल्या जातात. अमुक कंपनीची अमुक पॉलिसी घे असं सुचवणं म्हणजेच सॉलिसिट करणं, कायद्याच्या भाषेत विक्रीचा प्रयत्न. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अकरा राज्यांतली माणसं असतात आणि तिथे कुणीतरी कोटेशनच टाकतं. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात तर लायसन्सखेरीज कॅरियरची अपॉइंटमेंटही, म्हणजे त्यांचा एजंट म्हणून नेमणूक, विकायला जाण्याआधी लागते.

ओळख करून देणाऱ्या मैत्रिणीला पॉलिसी झाल्यावर पैसे देणं हाही त्यातलाच प्रकार. लायसन्स नसलेल्याला विक्रीवर अवलंबून असलेली रक्कम देता येत नाही. काही राज्यांत नुसत्या ओळखीसाठी ठरावीक छोटी रक्कम चालते, पॉलिसी होवो न होवो.

आणि ती आपली जुनी खोड, ‘पहिला हप्ता मी भरतो’. भारतात हे सर्रास चालतं म्हणून लोकांना ते कायदेशीर वाटतं. तिथेही १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ४१ कमिशनातला वाटा ग्राहकाला द्यायला मनाई करतं, दंड दहा लाख रुपयांपर्यंत. इथे कॅलिफोर्नियाने १९८८ च्या प्रपोझिशन १०३ ने ही बंदी उठवली, फ्लोरिडात अटींसह परवानगी आहे, बाकी जवळजवळ सगळीकडे मनाई. म्हणजे सॅन होजेच्या मित्राने दिलेला सल्ला न्यू जर्सीत तुमचं लायसन्स घालवू शकतो. अलीकडे काही राज्यांनी धोका कमी करणाऱ्या वस्तू किंवा सेवा द्यायला मोकळीक दिली आहे, पाण्याची गळती ओळखणारा सेन्सर वगैरे. हप्ता भरणं त्यात बसत नाही.

लायसन्स मिळालं म्हणजे काम करता येतं?

हा मुद्दा विमा खात्याचा नाही, तरी सांगते, कारण याचं नुकसान दंडाने भरून निघत नाही. एच-१बी वर असलेल्या माणसाला राज्य लायसन्स देऊ शकतं. पण ते लायसन्स म्हणजे काम करण्याची परवानगी नव्हे. एच-१बी ज्या कंपनीने काढला त्याच कंपनीचं काम करता येतं. बाजूला १०९९ वर, म्हणजे स्वतंत्र कंत्राटदार म्हणून, कमिशन घेणं हे विनापरवाना काम ठरतं आणि ग्रीन कार्डच्या वेळी टॅक्स रिटर्नमधून समोर येतं. भरती करणारे ‘अरे, सगळे करतात’ म्हणतील. त्यांना तुमच्या व्हिसाचं सोयरसुतक नसतं. एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर ईएडी, म्हणजे कामाची परवानगी, असेल तर गोष्ट वेगळी; नसेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय परीक्षेची फीसुद्धा भरू नका.

पत्र कुठे येतं ते बघा

आता बहुतेक राज्यं पोस्टाने कमी आणि ईमेलने जास्त कळवतात. तो ईमेल नोंदणीच्या वेळी दिलेला असतो, बऱ्याचदा जुन्या एजन्सीचा. एजन्सी सोडली की तो पत्ता बंद, आणि नोटीस कुणाच्या तरी सर्व्हरवर पडून राहते. नोटीस हातात आली आणि तारीख जवळ असेल तर वाढीव मुदत लेखी मागा, बऱ्याचदा मिळते. कन्सेंट ऑर्डरवर, म्हणजे तुमच्या संमतीने निघणाऱ्या आदेशावर, सही करण्याआधी एवढं लक्षात घ्या की ती सहीच बाकीच्या प्रत्येक राज्याला कळवायची ‘कारवाई’ ठरते, म्हणून दंड छोटा असला तरी वकिलाला एकदा दाखवा.

मी हल्ली वर्षातून एकदा स्वतःचा पीडीबी रिपोर्ट, म्हणजे सगळ्या राज्यांतल्या लायसन्सच्या नोंदींचा उतारा, काढते आणि प्रत्येक राज्यापुढचा पत्ता, ईमेल, तारीख बोट ठेवून वाचते. गेल्या मार्चमध्ये एका राज्यापुढे माझा जुना याहूचा पत्ता निघाला. पासवर्ड आठवायला दोन दिवस लागले. आत रिन्युअलच्या तीन सूचना होत्या, तिन्ही न उघडलेल्या, आणि तिसरीतल्या तारखेला अजून नऊ दिवस बाकी होते.